लिम्ब बडचा प्रयोग, रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनी आणि रत्नागिरीचा जुलै

टीवाय_प्राणिशास्त्र:

नमस्कार. आम्ही चौघं रत्नागिरीत टीवायबीएस्सी प्राणिशास्त्राला आहोत. प्रोजेक्टचा विषय आहे रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनी यांचं संशोधन आणि चेतासंस्थेच्या विकासाच्या अभ्यासावर झालेला त्याचा परिणाम. मॅडमनी बजावलंय की नुसतं चरित्र उतरवून आणलंत तर परत पाठवीन, त्यांच्या एका तरी प्रयोगाला हात लावा. म्हणून कोंबडीच्या भ्रूणातला पंखाचा लिम्ब बड (ज्यातून पुढे पंख होतो तो कोंब) काढायचा आणि त्या बाजूच्या चेतापेशींचं काय होतं ते बघायचं, असं ठरतंय. समितीकडे परवानगीचा अर्ज दिला आहे.

हाताशी आहे: एक स्टिरिओ मायक्रोस्कोप, रोटरी मायक्रोटोम, पॅराफिनचं ओव्हन, हिमॅटॉक्सिलिन-इओसिन. इन्क्युबेटर नाही, थर्माकोलच्या पेटीत बल्ब लावून करू म्हणतोय. काम जुलै-ऑगस्टमध्ये.

अडलंय ते असं. हा प्रयोग व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी १९३४ मध्येच केला होता, मग रीटाबाईंनी नवीन काय केलं? नेटवर सगळीकडे बेडरूममधल्या प्रयोगशाळेचं कौतुक, पुढे थेट नोबेल. दुसरं, अंडी कुठली घ्यायची, दुकानातली चालतील का? तिसरं, इथे पावसात हवेत ९० टक्के आर्द्रता आणि वीज कधी जाईल त्याचा भरवसा नाही. आणि शेवटी मोजायचं नक्की काय?


बलक_आणि_कवच:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट समजून घ्या, कारण मोजायचं काय हे त्यातूनच निघतं.

हॅम्बर्गर हे जर्मन भ्रूणशास्त्रज्ञ श्पेमान यांचे विद्यार्थी. १९३२ मध्ये ते जर्मनीतून शिकागोला आले आणि नाझी कायद्यांमुळे त्यांची फ्रायबुर्गमधली जागा गेल्यावर अमेरिकेतच राहिले. १९३४ च्या कामात त्यांनी भ्रूणाचा पंखाचा बड काढला आणि काही दिवसांनी पाहिलं, तर त्या बाजूच्या मेरुरज्जूतला मोटर न्यूरॉनचा (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींचा) पट्टा आणि स्पायनल गँग्लियन (मेरुरज्जूशेजारची संवेदी चेतापेशींची गाठ) दोन्ही खुजे राहिलेले. निरीक्षण अचूक होतं. त्यांनी लावलेला अर्थ असा की अवयवातून मागे एक संकेत जातो, तो कोऱ्या पेशींना चेतापेशी व्हायला लावतो. अवयव नाही म्हणजे संकेत नाही, म्हणजे पेशी मुळात घडल्याच नाहीत.

रीटा यांचा जन्म १९०९ चा, तुरिनचा. जुसेप्पे लेव्ही यांच्या हाताखाली १९३६ मध्ये वैद्यकीय पदवी. लूरिया आणि डुल्बेको हे पुढचे दोन नोबेलवालेही त्याच लेव्हींचे विद्यार्थी. लेव्हींकडून रीटा काय शिकल्या असतील तर चांदीच्या क्षारांनी चेतापेशी रंगवणं आणि एकामागून एक काप पाहत जाणं. १९३८ च्या वंशकायद्यांनी ज्यूंना विद्यापीठाची दारं बंद झाली. मग घरातच इन्क्युबेटर, मायक्रोस्कोप, घड्याळजीचे चिमटे, घासून धारदार केलेल्या शिवणकामाच्या सुया. बॉम्बहल्ले सुरू झाल्यावर सगळं सामान खेड्यातल्या घरात हलवलं. नेटवर मिळतं ते एवढंच, आणि ते खरंही आहे, पण ही झाली परिस्थिती. शोध वेगळा.

तो असा: त्यांनी बड काढलेले भ्रूण एकाच वयाला न उघडता ओळीने वेगवेगळ्या वयांना उघडले. तेव्हा दिसलं की गँग्लियनमधल्या पेशी आधी व्यवस्थित तयार होतात, तंतूही फुटतात, आणि मग त्या मरतात. म्हणजे अवयव चेतापेशी घडवत नाही, घडलेल्यांना जगवतो. हे लेव्ही आणि त्यांनी मिळून १९४२ मध्ये बेल्जियमच्या एका नियतकालिकात छापलं, कारण इटलीत छापायला बंदी.

आता यातली ग्यानबाची मेख. मेलेल्या पेशी तिथे पडून राहत नाहीत. काही तासांत शेजारच्या पेशी त्या साफ करतात. उशिरा पाहिलंत तर लहान, स्वच्छ गँग्लियन दिसतं, आणि इथे पेशी कमीच झाल्या होत्या असं कोणालाही वाटेल. हॅम्बर्गर यांची नजर कमी पडली नव्हती, वेळ हुकली होती.

युद्धानंतर हॅम्बर्गर यांनी तो लेख वाचून बाईंना सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात बोलावलं. १९४७ मध्ये एका सत्रासाठी गेल्या त्या तीस वर्षं तिथल्याच झाल्या. दोघांनी मिळून प्रयोग पुन्हा केला आणि १९४९ मध्ये छापलं: पेशी मरतात. शिवाय एक भलतीच गोष्ट हाती लागली. काहीही न काढलेल्या साध्या भ्रूणातही मानेच्या आणि छातीच्या पातळीवरच्या गँग्लियनमध्ये भरपूर पेशी मरतात, पंख-पायांच्या पातळीवर त्या मानाने कमी. जिथे पोसायला अवयव मोठा, तिथे जास्त वाचतात. ज्याचा सिद्धांत खोडला त्यानेच निमंत्रण धाडून, सोबत बसून तो तपासला, ही गोष्ट अहवालात घाला. बेडरूमपेक्षा ती जास्त महत्त्वाची आहे असं माझं मत.

तेव्हा तुमचा प्रयोग म्हणजे निरनिराळ्या वयांचे काप. एकाच दिवसाचे भ्रूण फिक्स केलेत (रसायनात आहेत तसे टिकवलेत) तर १९३४ चा निष्कर्ष निघेल, १९४२ चा नाही.


खाडीकाठची_हॅचरी:

अंडी आणि पेटी यांचं मी सांगतो.

दुकानातली पांढरी अंडी विसरा. पिंजऱ्यातल्या लेयर कोंबड्यांत कोंबडा नसतो, ती फळलेली नसतात. गावठी अंडी घ्या, पण बाजारातून नको, थेट घरून. आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरी कोंबडा मोकळा फिरतोय हे डोळ्यांनी बघून घ्या. गिरिराज किंवा वनराज जातीचे ब्रीडर कळप असलेली हॅचरी जवळ असेल तर आणखी बरं, अंडी एका वयाची आणि एका आकाराची मिळतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठात पशुसंवर्धन विभाग आहे, तिथेही विचारून पाहा.

अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. आणि इथेच कोकणात घोळ होतो. साधारण २०-२१ अंशांच्या खाली भ्रूण थांबलेला राहतो. जुलैत घरातलं तापमान २७ ते ३० अंश. त्या उबेत तो अर्धवट वाढायला लागतो, धड वाढत नाही आणि धड थांबत नाही, मग इन्क्युबेटरमध्ये ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी मेलेला किंवा वाकडातिकडा निघतो. अंडी फळलेली नव्हती म्हणून जी तक्रार होते, तिच्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं. फ्रिजमध्ये ४ अंशांलाही आठवडाभर टिकत नाहीत. १३ ते १५ अंश हवेत. भाजीच्या खणात थर्मामीटर ठेवून बघा, फ्रिजचं बटण सर्वांत कमी गारव्यावर केलंत तर तिथे १० ते १३ मिळतात, चालेल. माठाचा उपाय घाटावर ठीक, इथल्या दमट हवेत पाणी उडतच नाही, माठ गार होणार कसा? अंडी धुऊ नका, कवचावरचं संरक्षक आवरण जातं. शेण लागलेलं अंडं सरळ बाजूला काढा. फ्रिजमधून काढल्यावर तासभर बाहेर ठेवा, आल्या आल्या पेटीत घातलीत तर कवचाला घाम सुटतो आणि जंतू छिद्रांतून आत जातात.

पेटी. थर्माकोल चालेल, पण बल्ब भिंतीपासून किमान १० सेंटीमीटर लांब, नाहीतर भिंत वितळेल. ४० वॉटचा बल्ब, कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा पंखा आणि एसटीसी-१००० सारखा डिजिटल थर्मोस्टॅट. पंखा हवाच. तो नसेल तर पेटीच्या तळाशी आणि झाकणाशी दोन-तीन अंशांचा फरक पडतो आणि एकाच दिवशी ठेवलेली अंडी वेगवेगळ्या वयाची निघतात. तापमान ३७.५ ते ३७.८. थर्मोस्टॅटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, ताप मोजायचा थर्मामीटर सेन्सरशेजारी ठेवून पडताळा. ३६ ला भ्रूण मागे पडतो, ४० ला मरतो, म्हणून चूक व्हायचीच तर खालच्या बाजूला होऊ द्या.

आर्द्रतेची काळजी उलटी करताय. बाहेर २७ अंश आणि ९० टक्के असलेली हवा पेटीत ३७.७ पर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता साधारण ५० टक्के होते. तुम्हाला हवी ५० ते ६०. म्हणजे जुलैत पाण्याची वाटी ठेवायचीसुद्धा गरज नाही. ठेवलीत तर काचेवर पाणी आणि खिडकीच्या टेपखाली बुरशी. ही वाटी डिसेंबर-जानेवारीत लागते.

वीज. पेटीत ३८ अंशांच्या पाण्याने भरलेल्या दोन-तीन बाटल्या कायम ठेवा, त्या ऊब धरून ठेवतात. वीज गेली की झाकण उघडायचं नाही. दोन-तीन तासांत काही बिघडत नाही, वाढ तेवढी मागे पडते, इतकंच. कॉलेजच्या इन्व्हर्टरवर पेटी जोडता आली तर १५० एएचची बॅटरी एक ४० वॉटचा बल्ब रात्रभर सहज ओढते. पहिले अडीच दिवस खुडूक कोंबडीखाली ठेवायचा सल्लाही कोणीतरी देईल. ऊब ती उत्तम देते, पण अंडी सतत फिरवते आणि दाणे खायला उठते, त्यामुळे तासांचा हिशोब राहत नाही. खिडकी कापल्यावर तर नावच नको.

म्हणूनच वय तासांत लिहू नका. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या वाढीच्या ४६ अवस्था ठरवून दिल्या, त्या याच अडचणीवरचा उपाय आहेत. सोमाइट (भ्रूणाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना ओळीने दिसणारे ऊतींचे ठोकळे) मोजा, अवस्था लिहा. तुम्हाला हवी १७ ते १८, म्हणजे तीसेक सोमाइट झालेले आणि लिम्ब बड नुकता उठून दिसू लागलेला. चांगल्या पेटीत ही अवस्था ५२ ते ६९ तासांत येते.

आता शस्त्रक्रिया. अंडी पहिल्यापासून आडवी ठेवा आणि वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करा, शाईने नको. भ्रूण बलकाच्या वर तरंगत येतो, तो खुणेखाली सापडतो. अडीच दिवसांनी कवच ७० टक्के अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. बोथट टोकाला सुईने भोक पाडून १८ नंबरच्या सुईने २ ते ३ मिलिलिटर पांढरा बलक काढा, सुईचं तोंड खाली, कवचाला घासत. सुई सरळ घातलीत तर पिवळा बलक फुटतो आणि अंडं वाया. पांढरा काढल्याने भ्रूण खाली बसतो आणि कवचापासून सुटा होतो. हे काम चौथ्या दिवसावर ढकललंत तर आवरणं कवचाला चिकटतात आणि कापताना रक्त येतं. भोक टेपने बंद करा, वरच्या बाजूला रुंद पारदर्शक टेप लावा, मग टेपसकट दीड ते दोन सेंटीमीटरची खिडकी वाकड्या कात्रीने कापा. टेपमुळे कवचाचा चुरा आत पडत नाही.

भ्रूण दिसत नसेल तर भारतीय शाई रिंगरच्या द्रावणात दहा पट पातळ करून अगदी थोडी भ्रूणाखाली सोडतात. शाई बिनलाखेची हवी. ड्रॉइंगच्या बऱ्याच शायांत लाख असते, तिने भ्रूण मरतो. रिंगर एक लिटरला: सोडियम क्लोराइड ७.२ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३७, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ०.२३. पाणी डिस्टिल्डच. प्रेशर कुकरमध्ये २० मिनिटं निर्जंतुक करा.

या अवस्थेला भ्रूण डाव्या कुशीवर वळलेला असतो, म्हणजे उजवी बाजू वर. उजवा बडच काढा. डावा हात न लावलेला, त्याच भ्रूणातला कंट्रोल, म्हणजे तुलनेची बाजू, म्हणून आयता मिळतो. पंखाचा बड साधारण १५ ते २० व्या सोमाइटसमोर असतो. व्हायटेलाइन पडदा (बलकावरचा) आणि ऍम्निऑन (भ्रूणाभोवतीचा पडदा) तेवढ्याच जागी फाडा, बड मुळापासून सुईने कापत चिमट्याने उचला. सोमाइटला धक्का लागला तर गँग्लियनच बिघडेल, मग पेशी कशाने कमी झाल्या ते सांगता येणार नाही. अर्धवट काढलात तर लहानसा पंख उगवतो, असे भ्रूण हिशोबात वेगळे लिहा. वर रिंगरचे दोन-तीन थेंब, टेपने घट्ट बंद, आणि यानंतर अंडं फिरवायचं नाही.

काही अंड्यांत पडदा फाडून बड तसाच ठेवा. तो कंट्रोल नसेल तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील. निम्मी अंडी वाटेत गळतील असं धरूनच आकडा ठरवा.

दोन गोष्टी खास समुद्रकाठच्या. सुया गंजतात, लिक्विड पॅराफिनमध्ये बुडवून ठेवा. आणि मुंग्या. बलकाचा एक थेंब सांडला की सकाळपर्यंत रांग खिडकीत. टेबलाच्या पायांखाली साबणाच्या पाण्याच्या वाट्या.


टीवाय_प्राणिशास्त्र:

खूप आभार. पाण्याची वाटी काढून टाकली. दोन शंका. मेलेली पेशी हिमॅटॉक्सिलिनमध्ये ओळखायची कशी? आणि किती दिवसांचे भ्रूण फिक्स करायचे? चांदीचं रंजन आमच्याकडे होणार नाही.


काप_आणि_रिबन:

चांदी नको. ती तंतूंसाठी, तुम्हाला केंद्रकं बघायची आहेत.

पाचवा, सहावा, सातवा आणि नववा दिवस. सुरुवातीच्या तीन दिवसांत मरणाऱ्या पेशी सापडतील, नवव्याला फक्त उरलेलं खुजं गँग्लियन. हा नववा दिवस म्हणजे १९३४ चं चित्र आणि आधीचे तीन १९४२ चं, दोन्ही एकाच तक्त्यात येतात. नवव्याच्या पुढे जाऊ नका, परवानगी मागतानाही तेवढंच मागा.

फिक्स बुआँच्या द्रावणात: संपृक्त पिक्रिक आम्ल ७५ मिलि, फॉर्मॅलिन २५, ग्लेशियल ऍसेटिक आम्ल ५. बारा ते चोवीस तास. पिक्रिकची बाटली कधी कोरडी पडू देऊ नका, सुकलेलं पिक्रिक स्फोटक असतं. झाकणाच्या आट्यांत पिवळे खडे दिसले तर बाटलीला हात न लावता मॅडमना सांगा. नंतर ७० टक्के अल्कोहोल बदलत राहा, पिवळेपणा जाईपर्यंत.

पावसाळ्यातली खरी अडचण इथे येते. ऍब्सोल्यूट अल्कोहोलचं भांडं उघडं राहिलं की ते हवेतलं पाणी ओढतं आणि ऍब्सोल्यूट राहत नाही. ऊती झायलीनमध्ये टाकल्यावर झायलीन दुधाळ झालं तर समजा आत पाणी आहे. तसंच पुढे रेटलंत तर पॅराफिन मुरत नाही आणि काप भुगा होऊन पडतात. परत अल्कोहोलमध्ये न्या. बाटलीच्या तळाशी निर्जल मोरचूद फिल्टर पेपरच्या पुडीत ठेवा, निळं पडलं की बदला.

काप आडवे, ८ ते १० मायक्रॉन, एकही न गाळता ओळीने स्लाइडवर. आडव्या कापात उजवं आणि डावं गँग्लियन शेजारी-शेजारी येतं. रंग, आकसणं, जाडी सगळं दोन्हीला सारखं, त्यामुळे तुलना स्वच्छ होते.

जिवंत चेतापेशीचं केंद्रक मोठं, फिकट, आत केंद्रिका स्पष्ट. मरणाऱ्या पेशीचं केंद्रक आकसून एकसारखं गडद, गोल, बऱ्याचदा दोन-तीन गोळ्यांत तुटलेलं, भोवती रिकामं वलय. रक्तपेशीशी घोटाळा होतो. कोंबडीच्या रक्तपेशीला केंद्रक असतं आणि तेही गडद, पण तिच्याभोवतीचा भाग इओसिनने लालसर दिसतो आणि ती बहुधा वाहिनीतच सापडते. विभाजन चालू असलेली पेशीही गडद दिसते, तिची कड खरबरीत असते, गोळ्यासारखी गुळगुळीत नसते.

प्रत्येक पाचवा काप मोजा. मग ॲबरक्रॉम्बीची दुरुस्ती, १९४६ ची: मोजलेला आकडा गुणिले कापाची जाडी, भागिले जाडी अधिक केंद्रकाचा व्यास. काप १० मायक्रॉन आणि केंद्रक ६ मायक्रॉन असेल तर ०.६२५ ने गुणायचं. हे न करता दोन बाजूंची तुलना करू नका. बड काढलेल्या बाजूची केंद्रकं लहान असतील तर ती कमी कापांत दिसतात आणि फरक आहे त्याहून मोठा वाटतो. मोजणाऱ्याला बाजू माहीत नसावी, स्लाइडवर पट्टी चिकटवून आकडे द्या.

मेलेल्या पेशींचा आकडा लहानच येईल, त्याने खचू नका. पेशी साफ व्हायला काही तासच लागतात, त्यामुळे एका कापात दिसतात त्या फक्त त्या घडीला मरत असलेल्या. एकूण किती मेल्या हे त्या आकड्यावरून काढायचं नाही. ते उरलेल्यांच्या मोजणीवरून.


फुरसं:

वरचं सगळं ठीक, पण प्रोजेक्टचं नाव परिणाम असं आहे आणि गाडी १९४९ च्या पुढे सरकलेलीच नाही. शिवाय सगळं श्रेय एका बाईला द्यायची नेटवरची सवय तुमच्या अहवालात नको.

पुढचा धागा एल्मर ब्युकर यांचा. १९४८ मध्ये त्यांनी काढलेल्या अवयवाच्या जागी उंदराचा सार्कोमा १८० हा ट्यूमर लावला, तर संवेदी तंतू त्यात घुसले. रीटा आणि हॅम्बर्गर यांनी तो पुन्हा केला तेव्हा सिम्पथेटिक (हृदय, रक्तवाहिन्या अशा आपोआप चालणाऱ्या अवयवांच्या चेतापेशींचे) गँग्लियन अफाट वाढलेले दिसले. मग त्यांनी ट्यूमर भ्रूणाला न लावता बाहेरच्या कोरिओऍलंटॉइक पडद्यावर ठेवला. तंतूंचा आणि ट्यूमरचा स्पर्शच नाही, तरी गँग्लियन वाढले. म्हणजे काहीतरी रक्तातून जातंय. १९५२ मध्ये रीटाबाई ट्यूमरवाले उंदीर घेऊन विमानाने रिओ दी जानेरोला हेर्टा मायर यांच्या ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत गेल्या. तिथे काचेवर गँग्लियनशेजारी ट्यूमरचा तुकडा ठेवला की २४ तासांत गँग्लियनभोवती तंतूंचं वलय उठायचं. या वलयाने मोठं काम केलं. आधी एका प्रश्नाला आठवडे लागायचे, आता एका दिवसात हो की नाही कळायला लागलं. मोजायचं साधन मिळाल्याशिवाय रसायनशास्त्रज्ञ काय वेगळं करणार?

तो रसायनशास्त्रज्ञ म्हणजे स्टॅन्ले कोहेन, १९५३ पासून. सक्रिय अंशात न्यूक्लिक आम्ल आहे का ते तपासायला त्यांनी ते तोडणारं एन्झाइम म्हणून सापाचं विष मिसळलं. परिणाम कमी व्हायचा तो कित्येक पटींनी वाढला, कारण विषातच तो घटक ट्यूमरपेक्षा जास्त होता. ते विष अमेरिकेतल्या मोकॅसिन सापाचं होतं. आपल्या नागाच्या विषातही हा घटक असतो. माझं नाव बघून इथे कोणी फुरसं धरायला निघू नये, एक तर चावलं तर जीव जातो, दुसरं म्हणजे वन्यजीव कायदा आहे. विषाची ग्रंथी म्हणजे बदललेली लाळग्रंथीच, म्हणून कोहेन यांनी नर उंदराची लाळग्रंथी तपासली आणि भरपूर साठा सापडला. त्यातून एनजीएफ (नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, म्हणजे चेतापेशी वाढवणारा तो घटक) शुद्ध झाला, त्याविरुद्धचं अँटिसीरम नवजात उंदरांना टोचलं तर सिम्पथेटिक गँग्लियन जवळजवळ नाहीसे झाले. घटक दिला की वाढतं आणि काढून घेतला की मरतं, हे दोन्ही दाखवल्यावर शंकेला जागा उरली नाही. त्याच अर्कात काहीतरी होतं ज्याने उंदरांच्या पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडायचे. तो ईजीएफ (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर), कोहेन यांचा स्वतःचा दुसरा शोध. १९७१ मध्ये एनजीएफची ११८ अमिनो आम्लांची साखळी कळली.

१९८६ चं नोबेल कोहेन आणि लेव्ही-मोन्ताल्चिनी यांना. हॅम्बर्गर यांना नाही, आणि त्यावर त्या वेळीही बरंच बोललं गेलं. घटकाच्या शोधाचं बक्षीस म्हटलं तर दोन नावं बरोबर. प्रश्न कोणी उभा केला असं विचारलं तर तिसरं नाव लागतंच. अहवालात दोन्ही लिहा.

आणि एक गोष्ट हमखास चुकीची लिहिली जाते. बड काढल्यावर मोटर न्यूरॉनही मरतात, पण त्यांना एनजीएफ जगवत नाही. तो संवेदी पेशींतल्या काहींचा आणि सिम्पथेटिकचा. म्हणजे ज्या प्रयोगातून शोध सुरू झाला त्याचं अर्धंच उत्तर एनजीएफने दिलं. उरलेल्यासाठी चेतापेशी जगवणारे दुसरे घटक, म्हणजे बीडीएनएफ, बार्ड आणि थोनेन यांनी १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून काढलेला, आणि १९९३ चा जीडीएनएफ वगैरे यावे लागले. तुमच्या कापांत मेरुरज्जूही येणारच आहे, तेव्हा मोटर पट्टाही बघा, पण आलेख वेगळा काढा आणि खाली एनजीएफ लिहू नका.

औषधांत: माणसाचा एनजीएफ डोळ्यांच्या थेंबांत आला, युरोपात २०१७, अमेरिकेत २०१८. कॉर्नियाची चेतना गेल्यामुळे होणाऱ्या जखमेवर दिवसातून सहा वेळा, आठ आठवडे. उलट बाजूने, एनजीएफ वेदनाही वाढवतो म्हणून त्याला अडवणारं टॅनेझुमॅब हे अँटिबॉडी-औषध संधिवातासाठी तपासलं गेलं. वेदना कमी झाली, पण काही रुग्णांचे सांधे झपाट्याने झिजले आणि २०२१ मध्ये ते मागे पडलं. ज्यांच्यात एनजीएफचा रिसेप्टर जन्मतःच बिघडलेला असतो त्यांना वेदना कळत नाही आणि घामही येत नाही. मोठं नुकसान होतं अशा मुलांचं, जखम झालेली कळतच नाही.

२००१ मध्ये त्या इटलीत तहहयात सिनेटर झाल्या, १०३ वर्षांच्या असताना २०१२ मध्ये गेल्या. हे सगळं एका वाक्यात उरका. जागा कापांच्या फोटोंना द्या.


बलक_आणि_कवच:

फुरसं यांच्या मोटर पट्ट्याच्या मुद्द्याला जोड. साध्या भ्रूणातही सहाव्या ते दहाव्या दिवसादरम्यान पायाच्या पातळीवरचे साधारण चाळीस टक्के मोटर न्यूरॉन मरतात. हॅम्बर्गर यांनी १९७५ मध्ये मोजलं, पंचाहत्तरीत. १९३४ चा स्वतःचा निष्कर्ष त्यांनी शेवटपर्यंत तपासत ठेवला होता. म्हणजे डावी, न कापलेली बाजूसुद्धा शून्य मृत्यूची नाही. कंट्रोलमध्ये गडद केंद्रकं दिसली म्हणून प्रयोग फसला असं समजू नका. दोन्ही बाजूंचा फरक हेच मोजमाप.


टीवाय_प्राणिशास्त्र:

मोटर आणि गँग्लियन दोन्ही मोजतो, आलेख वेगळे. आता वेळेचं: प्रॅक्टिकलचा हॉल सोमवारी सकाळीच मोकळा असतो. अंडी पेटीत कधी ठेवायची?


खाडीकाठची_हॅचरी:

शुक्रवारी संध्याकाळी सहाला ठेवा. सोमवारी सकाळी दहाला ६४ तास होतात, १७-१८ अवस्था मिळायला हवी. पेटी तीन दिवस आधी रिकामी चालू करून तापमान स्थिर होतंय का बघा. फ्रिजमधून अंडी चारच्या सुमारास काढा, घाम येऊन वाळून जाऊ दे. रविवारी रात्री मोबाइलच्या टॉर्चवर धरून बघा, लाल शिरांचं जाळं दिसलं नाही ती बाजूला काढा. सोमवारी आधी दोन अंडी फोडून सोमाइट मोजा. तिसाच्या खाली असतील तर बाकीची तीन-चार तास तशीच राहू द्या आणि दुपारी सुरू करा. वीज गेली असेल तर बहुधा हेच होणार, तेव्हा हॉल दुपारपर्यंत मागून ठेवा.